नदीच्या एका काठाला सव्वासात, दुसऱ्या काठाला साडेपंधरा: थांबलेल्या पगाराचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांच्या मधून डेलावेअर नदी वाहते. न्यू जर्सीची राजधानी ट्रेंटन नदीच्या पूर्व काठावर आहे आणि बरोबर समोर, पश्चिम काठावर, मॉरिसव्हिल नावाचं छोटं गाव आहे. मधे एक जुना लोखंडी पूल, टोल नाही, चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, आणि पुलावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय 'ट्रेंटन मेक्स, द वर्ल्ड टेक्स', म्हणजे ट्रेंटन बनवतं आणि जग घेतं. काही मिनिटांत माणूस एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो. पण २०२५ मध्ये या पुलाच्या एका टोकाला कुणी दुकानात फरशी पुसत असेल तर कायद्याने त्याला तासाला किमान १५.४९ डॉलर द्यावे लागत होते आणि दुसऱ्या टोकाला तीच फरशी, तोच पोछा, तोच तास, आणि कायद्याची किमान मर्यादा फक्त ७.२५ डॉलर.

पगार का वाढत नाहीत या विषयावर बोलताना बहुतेक वेळा कारणं अशी सांगितली जातात की जणू काही हवामानच आहे. टेक्नॉलॉजी बदलली, जागतिकीकरण आलं, मंदी आली, लोकांकडे स्किल नाही. यातलं बरंच खरंही आहे, मी ते नाकारत नाही. पण या दोन काठांवर टेक्नॉलॉजी एकच, डॉलर एकच, केंद्र सरकार एकच, मंदी आली ती दोघांवर एकदमच आली, महागाई वाढली तीही दोघांची एकदमच वाढली. तरी दर दुप्पट-निम्मे झाले. म्हणून मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण इथे सरकारी धोरणाचा भाग इतर कारणांपासून बराचसा सुटा करून बघता येतो.

सुरुवात दोघांची सारखी होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाटेल की न्यू जर्सी आधीपासूनच पुढे होतं. केंद्राचं किमान वेतन १९९७ पासून २००७ पर्यंत तब्बल दहा वर्षं ५.१५ डॉलरवर अडकून होतं, तेव्हा वैतागून दोन्ही राज्यांनी स्वतःचे दर वाढवले. न्यू जर्सी ऑक्टोबर २००६ मध्ये ७.१५ ला पोचलं, पेनसिल्व्हेनिया जुलै २००७ मध्ये ७.१५ ला. मग केंद्राने २००७ मध्ये कायदा करून तीन टप्प्यांत दर वाढवला आणि २४ जुलै २००९ ला देशभर ७.२५ लागू झाला. म्हणजे त्या दिवशी पुलाची दोन्ही टोकं एकाच पायरीवर उभी होती आणि पुढची साडेचार वर्षं तिथेच राहिली.

त्यानंतर काय झालं ते नीट बघा. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने दर ८.५० करायचं आणि पुढे दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढवायचं बिल पास केलं. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी जानेवारी २०१३ मध्ये ते परत पाठवलं, त्यांचं म्हणणं असं की टप्प्याटप्प्याने एक डॉलर वाढ चालेल पण महागाईशी जोडणी नको. मग विधिमंडळाने दुसरा रस्ता धरला, राज्यघटनेत दुरुस्ती करायचा प्रस्ताव थेट मतदारांसमोर ठेवला, त्यात गव्हर्नरची सही लागत नाही. नोव्हेंबर २०१३ च्या मतदानात साधारण ६१ टक्के लोकांनी होकार दिला, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी क्रिस्टींना मोठ्या फरकाने परत निवडूनही दिलं. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पगाराच्या प्रश्नावर लोक पक्ष बघून मत देतातच असं नाही, प्रश्न सरळ त्यांच्यापुढे ठेवला की ते स्वतःचा हिशोब करतात.

१ जानेवारी २०१४ पासून न्यू जर्सीत ८.२५ लागू झाले. २०१५ ला ८.३८. २०१६ ला परत ८.३८ च, कारण त्या वर्षी महागाई जवळपास शून्य होती, म्हणजे मीटरने सांगितलं वाढ नाही तर वाढ नाही, मालकांनाही यात तक्रारीला जागा राहिली नाही. मग ८.४४, ८.६०, ८.८५. वाढ किती बारीक बारीक आहे बघा, सहा सेंट, सोळा सेंट, पंचवीस सेंट. यावर कुठे मोर्चा निघाला नाही, कुणी उपोषणाला बसलं नाही. दर सप्टेंबरच्या शेवटापर्यंत महागाईचा आकडा बघून पुढच्या वर्षीचा दर काढायचा आणि जानेवारीत लागू करायचा, संपलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुढचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी १५ डॉलरकडे नेणाऱ्या कायद्यावर सही केली, जुलै २०१९ ला १० झाले, मग दर जानेवारीला साधारण एकेक डॉलर, २०२४ ला १५.१३ आणि २०२५ ला १५.४९. छोट्या दुकानदारांना, सीझनल कामांना आणि शेतमजुरांना लागू करायला जास्त वर्षं दिली, शेतीसाठी तर २०२७ पर्यंत. शेतमजुरांना सगळ्यात मागे ठेवलं हे मला पटत नाही, सगळ्यात जास्त अंगमेहनत त्यांचीच, पण तडजोड झाली ती अशी झाली.

इथे एक हिशोब मी करून बघितला. समजा २०१९ चा कायदा झालाच नसता आणि ८.२५ नुसते महागाईला बांधलेले राहिले असते तर २०२५ ला दर साधारण ११ डॉलर झाला असता. म्हणजे ७.२५ आणि १५.४९ मधल्या सव्वाआठ डॉलरच्या फरकापैकी एक डॉलर २०१४ च्या उडीचा, पावणेतीनच्या आसपास नुसत्या जोडणीचा आणि उरलेले साडेचारच्या जवळ २०१९ च्या कायद्याचे. मोठी झेप कायद्याने दिली हे खरंच आहे. पण जोडणी नसती तर मधल्या पाच वर्षांत पायाखालची वाळू सरकत राहिली असती आणि पुढच्या कायद्याचा बराचसा जोर नुसतं गमावलेलं परत मिळवण्यातच गेला असता.

आता पलीकडचा काठ.

पेनसिल्व्हेनियात काहीच झालं नाही, आणि 'काहीच झालं नाही' हेच तिथलं धोरण ठरलं. टॉम वुल्फ २०१५ ते २०२३ गव्हर्नर होते, त्यांनी दरवर्षी वाढ मागितली. नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, दोन्ही पक्षांची मतं मिळवून ९.५० पर्यंत नेणारं बिल पास केलं, ते खालच्या सभागृहाने घेतलंच नाही. पुढे सत्ता पालटली आणि २०२३ मध्ये खालच्या सभागृहाने १५ डॉलरचं बिल पास केलं, तर ते सिनेटने घेतलं नाही. जून २०२५ मध्ये परत एक बिल, यात फिलाडेल्फियाला आधी आणि लहान काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, हळूहळू असा वेगवेगळा वेग ठेवला होता, १०२ विरुद्ध १०१ अशा एका मताने ते खालच्या सभागृहातून बाहेर पडलं. वर जाऊन पडलं ते पडलंच. सोळा वर्षं हे घोंगडं भिजत पडलंय. त्यात २००६ च्या राज्य कायद्याने शहरांचे हात बांधून ठेवलेत, फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहराला वाटलं तरी आपल्या हद्दीत वेगळं किमान वेतन ठरवता येत नाही. पेनसिल्व्हेनियाला लागून असलेली सगळी राज्यं, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेलावेअर, मेरीलँड, ओहायो, अगदी गरीब म्हणून ओळखलं जाणारं वेस्ट व्हर्जिनियासुद्धा, आज ७.२५ च्या वर आहेत.

आणि ७.२५ हा आकडा तसाच दिसत असला तरी तो तसाच राहिलेला नाही, हे समजून घेणं सगळ्यात गरजेचं आहे. २००९ ला सव्वासात डॉलरमध्ये जे यायचं त्यासाठी २०२५ ला पावणेअकराच्या वर डॉलर मोजावे लागतात. उलट बाजूने सांगायचं तर त्या सव्वासातची खरी किंमत जवळपास एक तृतीयांश कमी झालीये. एखाद्या सरकारने उघड जाहीर केलं असतं की आम्ही सगळ्यात कमी पगारवाल्यांचा पगार एक तृतीयांश कापतोय तर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर माणसं उतरली असती. इथे मात्र कुणीही कुठे सही केली नाही, कापणी आपोआप झाली. केंद्रातही तेच, २००९ नंतर एकदाही दर वाढलेला नाही, १९३८ मध्ये किमान वेतन कायदा आला तेव्हापासून इतका मोठा खंड कधीच पडला नव्हता. मार्च २०२१ मध्ये १५ डॉलरची दुरुस्ती अमेरिकन सिनेटमध्ये मताला आली तेव्हा ४२ बाजूने आणि ५८ विरोधात गेली. तुलनेसाठी एकच आकडा, १९६८ मध्ये केंद्राचा दर १.६० डॉलर होता, आजच्या किमतीत तो १४ डॉलरच्या वर जातो.

आता हे सगळं एका घरात आणून बघू, कारण दर वेगळा आणि घराचं उत्पन्न वेगळं. हे घर खरं कुणाचं नाही, मी हिशोबासाठी धरलंय. एक आई, दोन मुलं, आठ आणि अकरा वर्षांची. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २,०८० तास. भाडं दोन्हीकडे महिना १,२०० डॉलर. सगळे नियम २०२५ चे, लाइट-गॅसचा खर्च आणि गावपातळीच्या बारीक कपाती सोडून दिल्यात.

मॉरिसव्हिलच्या बाजूला, ७.२५ ने, वर्षाची कमाई १५,०८० डॉलर. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणाचा सरकारी आरोग्य विमा) यांचे ७.६५ टक्के म्हणजे १,१५४ कापले गेले. इन्कम टॅक्स ना केंद्राचा ना राज्याचा, इतक्या कमी कमाईवर दोन्ही माफ. मग केंद्राचं अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, हे कमी पगारावर काम करणाऱ्यांना टॅक्स रिटर्नमधून मिळणारं पैशाचं बळ, दोन मुलं असली तर सुरुवातीच्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट, ते आले ६,०३२. मुलांमागे टॅक्समधून मिळणारं चाइल्ड टॅक्स क्रेडिट १,८८७. पेनसिल्व्हेनियाने २०२५ च्या शेवटी बजेटमध्ये राज्याचं पहिलंवहिलं अर्न्ड इन्कम क्रेडिट आणलं, केंद्राच्या अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या १० टक्के, ते ६०३. आणि फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नधान्यासाठीची सरकारी मदत, स्नॅप, महिना सुमारे ७४१, वर्षाचे ८,८९२. सगळं मिळून घरात आले ३१,३४० डॉलर.

ट्रेंटनच्या बाजूला, १५.४९ ने, कमाई ३२,२१९. कापले गेले २,४६५ आणि वर राज्याचा टॅक्स आणि विम्याच्या कपाती साधारण ७४०. केंद्राचं अर्न्ड इन्कम क्रेडिट आता थोडं उतरलं, ५,२८४. न्यू जर्सी स्वतः त्याच्यावर ४० टक्के घालतं, ते २,११४. चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधून केंद्राचा टॅक्स फिटला आणि वर ३,४०० हातात आले. स्नॅप मात्र महिना अडीचशेवर घसरलं, वर्षाचे ३,०३६. एकूण ४२,८४८.

हे आकडे जरा शांतपणे वाचा. पगारातला फरक १७,१३९ डॉलर होता, घरातला फरक राहिला साधारण साडेअकरा हजार. म्हणजे वाढीचा एक तृतीयांश भाग मधेच गळला. पण मला जास्त चटका लावून गेला तो दुसरा आकडा. मॉरिसव्हिलच्या घरात पगार १५,०८० आणि सरकारी मदत, सगळी क्रेडिट आणि स्नॅप धरून, १७,४१४. पूर्ण वेळ, वर्षभर, एकही दिवस न चुकता काम करणाऱ्या बाईच्या घरात पगारापेक्षा सरकारी मदत जास्त. ती आळशी नाही, ती रिकामी बसलेली नाही, तिच्या कामाचे पैसे मालकाने कमी दिले आणि खड्डा बाकीच्या देशाने भरला, त्यात नदीपलीकडच्या न्यू जर्सीच्या टॅक्स भरणाऱ्यांचाही वाटा आला. कमी किमान वेतन म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमी असं जे मानलं जातं ते या एका घरापुरतं तरी साफ उलटं आहे. न्यू जर्सीच्या घरात मदत १३,८३४ आणि पगार त्याच्या दुपटीहून जास्त.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटची ओळ परत एकदा बघा कारण तिथे एक अन्याय दडलाय. २०२५ मध्ये हे क्रेडिट एका मुलामागे २,२०० डॉलर आहे, दोन मुलांचे ४,४००. नदीच्या न्यू जर्सी बाजूच्या आईला टॅक्स फिटणं धरून त्यातले जवळपास सगळे मिळाले. पेनसिल्व्हेनियाच्या आईला १,८८७, कारण कमाई २,५०० च्या वर गेली की त्या वरच्या कमाईच्या १५ टक्के एवढंच हातात द्यायचं असा नियम आहे. जिला जास्त गरज तिला कमी. याला पर्याय नाही असंही नाही, २०२१ या एका वर्षासाठी केंद्राने हा नियम बाजूला ठेवला होता, सहा वर्षांच्या आतल्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,०००, कमाई शून्य असली तरी पूर्ण, आणि निम्मे पैसे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला बँकेत. मदत धरून मोजली जाणारी मुलांमधली गरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आली, आत्तापर्यंतची सगळ्यात कमी. मुदत वाढवली नाही, इतर कोविड मदतीही संपल्या, आणि २०२२ ला ती १२.४ टक्के झाली. एका वर्षात दुपटीच्या वर. त्या २०२१ च्या नियमाने मॉरिसव्हिलच्या घराला १,८८७ ऐवजी ६,००० मिळाले असते, एक तासही जास्त काम न करता.

मग ट्रेंटनच्या बाजूला सगळं छान आहे का? नाही, आणि हे लिहिलं नाही तर प्रकरण अर्धवट राहील. १५.४९ वरच्या आईला मालकाने खुश होऊन एक डॉलर जास्त कमवू दिला असं धरा. त्या डॉलरवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ सेंट, साधारण पावणेतीन सेंट राज्याचे, अर्न्ड इन्कम क्रेडिट २१ सेंटने उतरतं, न्यू जर्सीचं त्याच्यावरचं साडेआठच्या जवळ, आणि स्नॅप ३६ सेंटने, कारण उत्पन्न वाढलं की स्नॅपच्या हिशोबात मिळणारी भाड्याची सूटही कमी होते. बेरीज केली तर पाऊण डॉलर गेला. घरात राहिले जेमतेम २४ सेंट. करोडपतीच्या शेवटच्या डॉलरवरसुद्धा इतकं कापलं जात नाही. आणि वर्षाची कमाई ३६,७७७ च्या पुढे गेली, म्हणजे तासाला १७.७० च्या आसपास, तर तिचं स्वतःचं मेडिकेडही, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, संपतं आणि विमा विकत घ्यायला लागतो. यातल्या बऱ्याच मर्यादा दरवर्षी महागाईप्रमाणे सरकतात त्यामुळे नुसती महागाईएवढी वाढ इतकी चावत नाही, पण प्रमोशन मिळालं, जास्त तास मिळाले की चावते. पगारवाढ झाली तरी घर तिथल्या तिथेच का राहतं याचं एक मोठं उत्तर इथे आहे. सुरुवातीचा डॉलर सरकार फुगवून देतं, ४० सेंट इकडून, १५ सेंट तिकडून, आणि जरा वर आलं की वेगवेगळी खाती एकमेकांकडे न बघता एकाच डॉलरवर हात मारतात. प्रत्येक खात्याचा नियम एकेकटा वाचला तर वाजवी वाटतो. एकत्र वाचायचं काम कुणाचंच नाही.

भाड्याचंही तसंच. मी हिशोबात दोन्हीकडे सारखं भाडं धरलं, पण न्यू जर्सी एकंदरीत महाग राज्य आहे, घरावरचे टॅक्स तर देशात सगळ्यात जास्त असलेल्यांत, आणि ते भाड्यात उतरतातच. पूर्वेकडच्या घराचे साडेअकरा हजार पुढे असले तरी सगळे खिशात राहत नाहीत.

एक आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त आहे, की दर वाढवला तर मालक माणसं काढेल. गंमत म्हणजे या प्रश्नावरचा जगातला बहुतेक सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास याच नदीवर झालाय. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ केला, पेनसिल्व्हेनिया ४.२५ वरच राहिलं. प्रिन्स्टनचे डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूडची दुकानं घेतली, वाढीच्या आधी आणि नंतर किती माणसं कामावर होती ते विचारलं, आणि १९९४ ला छापलं की न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचं दिसत नाही. केवढा गदारोळ झाला. न्यूमार्क आणि वॉशर या अर्थतज्ज्ञांनी पगारपत्रकांवरून उलट निष्कर्ष काढला, मग कार्ड-क्रूगरनी सरकारी नोंदी घेऊन परत मोजलं आणि आपलं म्हणणं कायम ठेवलं. कार्ड यांना २०२१ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, क्रूगर २०१९ लाच गेले होते. यावरून कुठलीही वाढ कितीही केली तरी चालते असा अर्थ काढू नये, १९९२ ची वाढ ८० सेंटची होती. पण दर वाढला की नोकऱ्या जाणारच हे जे डोळे झाकून सांगितलं जायचं ते तेव्हापासून टिकत नाही. मालकाच्या हातात पगार ठरवायची ताकद असते, कामगाराला दुसरीकडे जाणं सोपं नसतं, म्हणून पगार बऱ्याचदा मालकाला परवडेल त्याच्या खाली असतो आणि थोडा वर ढकलला तरी माणूस ठेवणं फायद्याचंच राहतं.

दुसरा आक्षेप असा की ७.२५ वर आज काम करतंय कोण? हाही खरा मुद्दा. २०२३ मध्ये अख्ख्या देशात तासावर काम करणाऱ्यांपैकी जेमतेम १.१ टक्के लोक केंद्राच्या दरावर किंवा त्याच्या खाली होते, १९७९ ला हे १३.४ टक्के होते. २०२१ नंतर माणसं मिळेनात म्हणून मालकांनी स्वतःच दर वाढवले, पेनसिल्व्हेनियातही. नदीकाठच्या गावात तर पूल ओलांडला की दुप्पट दर आहे, त्यामुळे मॉरिसव्हिलच्या दुकानदाराला सव्वासातमध्ये माणूस मिळणं कठीणच. टॅक्सची आडकाठीही नाही, दोन्ही राज्यांत १९७० च्या दशकापासून करार आहे की जो जिथे राहतो तिथेच इन्कम टॅक्स भरणार, कामाला कुठेही जाऊ दे. पण राज्याच्या मध्यावर, नदीपासून खूप आत राहणाऱ्या माणसाला हा पूल उपयोगाचा नाही. गाडी नाही, मुलाला शाळेतून आणायचं आहे, आई आजारी आहे, तो जिथे आहे तिथलाच दर घेतो. शिवाय बाजाराने दिलेली वाढ बाजार थंडावला की थांबते, आणि खाली धरून ठेवणारं काही उरत नाही. टीपवर जगणाऱ्यांचं बघा, पेनसिल्व्हेनियात वेट्रेसला मालकाने रोख द्यायचा किमान दर २.८३ डॉलर आहे, बाकी गिऱ्हाइकाच्या मर्जीवर, न्यू जर्सीत तोच २०२५ ला ५.६२ होता. टीप धरून किमान वेतन भरलं नाही तर मालकाने फरक द्यायचा असतो, पण तो मागायचा कुणी, त्याच मालकाकडे पुढच्या आठवड्याची शिफ्ट मागायची असताना.

घराच्या उत्पन्नात तासाचा दर हा एकच आकडा नसतो हेही न्यू जर्सीकडे बघून कळतं. तिथे ऑक्टोबर २०१८ पासून दर ३० तासांमागे एक तास पगारी आजारपणाची रजा आहे, वर्षाला ४० तासांपर्यंत. पेनसिल्व्हेनियात राज्यभर असा कायदा नाही, फिलाडेल्फियाने आपल्यापुरता केलाय. मूल तापाने फणफणलं तर एका काठावर आई घरी थांबते आणि पगार चालू राहतो, दुसऱ्या काठावर तिचे ५८ डॉलर जातात, आणि स्नॅप त्याच आठवड्यात वाढून येत नाही.

माझं मत विचाराल तर पेनसिल्व्हेनियाने १५ डॉलरवर अडून बसण्याआधी एक गोष्ट करून टाकायला हवी होती, जो काही दर ठरेल तो महागाईला बांधायचा. २०१९ मध्ये ९.५० चं बिल सिनेटमधून आलं तेव्हा ते घेऊन त्याला जोडणी लावली असती तर आज तिथला माणूस सव्वासातवर नसता. मोठ्या आकड्यावर भांडण होतं, होणारच, त्यात वर्षं जातात, पण त्या भांडणाच्या काळात खालच्या माणसाचा पगार रोज थोडा थोडा झिजू नये एवढी सोय आधी करता येते. आणि दुसरं, दर वाढवणाऱ्या राज्यांनी आपलीच मदत कुठे कुठे किती वेगाने कापली जाते ते एका कागदावर मांडावं, कारण ट्रेंटनच्या त्या आईचे ७६ सेंट कुठल्या एका खात्याने नेलेले नाहीत, त्यामुळे कुणालाच त्याची लाज वाटत नाही.

१ जानेवारी २०२६ ला न्यू जर्सीचा दर ठरल्याप्रमाणे ४३ सेंटने वाढून १५.९२ झाला, कुणाला मत द्यावं लागलं नाही, कुणाला विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. पुलाच्या दुसऱ्या टोकाला त्या दिवशीही ७.२५ च होते.